साखर वाढवणारे अनेक, उतरवणारं एकच

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी काढलेल्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ७० ते ९९ मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. हिशेब मांडला तर सगळ्या रक्तात मिळून साखर भरते ती ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा. रसवंतीवरच्या एका ग्लासात याच्या कितीतरी पट साखर असते. ती पोटात जाते, रक्तात उतरते आणि दोन-तीन तासांत रक्तात पुन्हा चमचाभरच उरते. दिवसभर निरंकार उपास केला तरी हा चमचा रिता होत नाही. एकट्या मेंदूला दिवसाकाठी १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं आणि तो पुरवठा क्षणभरही तुटून चालत नाही.

या चमचाभर साखरेची राखण ढासळते तेव्हा मधुमेह होतो. आपल्याकडे मात्र या आजाराचं बोलणं दोन वाक्यांपाशी थांबतं. पहिलं, ‘गोड खाल्लं म्हणून शुगर झाली.’ दुसरं, ‘इन्सुलिनची सुई लागली, म्हणजे आता शेवटच.’ पहिल्या वाक्याने रुग्णाला अपराधी ठरवलं आणि दुसऱ्याने त्याला वेळेवर मिळू शकणाऱ्या उपचारापासून दूर ठेवलं. दुसऱ्या वाक्याने केलेलं नुकसान मोठं आहे. अंतःस्रावी संस्थेत इन्सुलिनची जागा नेमकी कुठे आहे, हे समजलं की ते वाक्य उच्चारायला जीभ धजणार नाही.

ग्रंथींचा कारभार

शरीरातल्या काही ग्रंथी आपला स्राव नळीवाटे बाहेर सोडतात. लाळ आणि घाम ही त्याची उदाहरणं. काही ग्रंथी मात्र तो थेट रक्तात मिसळतात. या अंतःस्रावी ग्रंथी. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवून दिलं, की आतड्याने रक्तात सोडलेलं एक रसायन दूरच्या स्वादुपिंडाला काम करायला लावतं, मग मधल्या नसा तोडलेल्या असल्या तरी. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा रसायनांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. मराठीत आपण त्यांना संप्रेरकं म्हणतो.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, गळ्यातली थायरॉइड, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, बीजांडकोश, वृषण आणि जठरामागे आडवं पसरलेलं स्वादुपिंड असा हा परिवार आहे. स्वादुपिंडाची गंमत अशी, की त्याचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो आणि तो नळीने आतड्यात सोडतो. त्या पसाऱ्यात सुमारे १० लाख पेशीपुंज बेटांसारखे विखुरलेले असतात. सगळे एकत्र केले तरी त्यांचं वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम भरतं. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन.

साखरेच्या राखणीत बाजू सारख्या नाहीत. रक्तातली साखर वाढवणारी संप्रेरकं अनेक आहेत. ग्लुकागॉन यकृतातला साठा मोकळा करतं. अ‍ॅड्रिनलिन संकटाच्या क्षणी तेच काम झपाट्याने करतं. कॉर्टिसॉल आणि वाढ-संप्रेरक सावकाश, पण चिवटपणे साखर चढी ठेवतात. साखर खऱ्या अर्थाने उतरवणारं संप्रेरक मात्र एकच, इन्सुलिन. माणसाचा बहुतेक काळ अन्नाच्या टंचाईत गेला. उपासमारीत साखर कोसळली तर मेंदू काही मिनिटांत बंद पडेल, म्हणून शरीराने साखर टिकवायचे चार उपाय राखून ठेवले. साखर उतरवायला एक पुरेल, असाच तेव्हाचा हिशेब असावा.

इन्सुलिन स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावतं, यकृताला साखर सोडणं थांबवायला सांगतं आणि साठवलेल्या चरबीला धरून ठेवतं. हे तिसरं काम सहसा लक्षात घेतलं जात नाही. इन्सुलिन पार संपलं की चरबी अनावर वितळू लागते, तिच्यापासून कीटोन नावाची आम्लं तयार होतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि रुग्ण धापा टाकत बेशुद्धीकडे जातो.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की रुग्णांना पडणारी बरीच कोडी सुटतात. रात्री काहीच खाल्लं नाही तरी सकाळची शुगर जास्त का? पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढ-संप्रेरक चढतात म्हणून. न्यूमोनिया झाला, पायाची जखम चिघळली की साखर का भडकते? आजारपणात साखर वाढवणारी सगळी मंडळी एकदम कामाला लागतात म्हणून. दम्यासाठी स्टेरॉइड घेतलं आणि साखर ३०० वर का गेली? स्टेरॉइडची बहुतेक औषधं कॉर्टिसॉलची भावंडं असतात म्हणून. गरोदरपणात काहींना मधुमेह का होतो? वार, म्हणजे अपरा, स्वतःची संप्रेरकं तयार करते आणि ती इन्सुलिनच्या कामात आडवी येतात म्हणून. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘गोड खाल्लं’ हे नाही.

एका नावाखाली अनेक आजार

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन वर्ग सांगितले आहेत. सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे आहार-विहारातून झालेला. पहिल्यातला रुग्ण कृश, दुसऱ्यातला स्थूल. आधुनिक वैद्यकाला या भेदापाशी यायला १९३६ उजाडावं लागलं. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने तेव्हा दाखवलं, की काही रुग्णांना इन्सुलिन टोचलं की साखर लगेच उतरते आणि काहींचं शरीर त्या इन्सुलिनला दादच देत नाही. पुढे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली आणि प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असल्याचं आढळलं. या पद्धतीसाठी यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

प्रकार १ मध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच बीटा पेशी नष्ट करते. तो बहुधा बालपणी किंवा तरुणपणी दिसतो आणि त्यात पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागतं, जन्मभर लागतं. प्रकार २ मध्ये आधी शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होतं. बीटा पेशी जास्त राबून वेळ निभावतात आणि थकतात. निदान होतं तेव्हा त्यांची निम्म्याच्या आसपास क्षमता गेलेली असते, असा अंदाज ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासातून निघाला. गर्भारपणातला मधुमेह, स्वादुपिंडाच्या आजारामुळे झालेला मधुमेह आणि एखाद्या जनुकातल्या दोषामुळे होणारे प्रकार वेगळेच.

निदानाचे आकडे सगळ्यांना पाठ हवेत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर आपण उंबरठ्यावर आहोत.

टोरांटोचा उन्हाळा आणि नंतर

१८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने स्वादुपिंडातली बेटं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती काय करतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. स्वादुपिंडात काहीतरी आहे, हे कळलं. ते बाहेर काढणं जमेना, कारण पाचकरस त्याची नासाडी करायचे. रुमेनियाच्या निकोलाय पाउलेस्कूने १९२१ मध्ये असा अर्क काढून प्राण्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कॅनडातल्या टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत उन्हाळाभर राबले.

११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. अर्क अशुद्ध होता. गळू झालं आणि साखर फारशी उतरली नाही. जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने पुढचे दिवस अर्क शुद्ध करण्यात घालवले. २३ जानेवारीला पुन्हा टोचलं आणि साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना जगवण्याचा एकच मार्ग होता, जवळजवळ उपाशी ठेवण्याचा. थॉम्प्सनचं वजन तेव्हा ३० किलोसुद्धा नव्हतं. त्यानंतर तो १३ वर्षं जगला.

१९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगने आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडने कॉलिपला. पेटंट शोधकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरच्या नाममात्र किमतीत दिलं. औषध सर्वांचं राहावं, हा त्यामागचा विचार होता.

पुढची साठ वर्षं इन्सुलिन गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून येत राहिलं. दरम्यान फ्रेडरिक सँगरने त्यातल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम उलगडला आणि त्याला १९५८ मध्ये नोबेल मिळालं. डोरोथी हॉजकिन यांच्या चमूने १९६९ मध्ये त्याची त्रिमितीय रचना मांडली. त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते तयार करता आलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेने त्याच्या विक्रीला परवानगी दिली. भारतात मुंबईच्या वोक्हार्टने २००३ मध्ये आणि बेंगळुरूच्या बायोकॉनने २००४ मध्ये स्वतःचं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं.

पुण्याजवळची सहा गावं

भारतीयांना मधुमेह इतका आणि इतक्या लवकर का होतो, या प्रश्नाचा एक मोठा धागा महाराष्ट्रात सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान होती. स्नायू आणि पोटातले अवयव फारच लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. वरून हडकुळं, आतून चरबीदार असं हे बाळ.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र आलं. लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा भारतीय माणसाला कसा चकवतो, हे त्या एका चित्रात दिसतं.

पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आईच्या पोटात बाळाचं शरीर टंचाईचा अंदाज बांधून घडतं. स्नायूंवर खर्च कमी, चरबीची शिल्लक जास्त. पुढे हेच मूल शहरात येतं, बसून काम करतं, पोटभर खातं. साखर सामावून घेणारे स्नायू तुटपुंजे असतात आणि इन्सुलिनचं काम अडवणारी चरबी पोटात साठत जाते. एकट्या इन्सुलिनवर भार पडतो आणि तो चाळिशीच्या आतच झेपेनासा होतो.

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसं. उंबरठ्यावरची आणखी १३ कोटी ६० लाख. राज्यांत सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के. तिथे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना मधुमेह आहे.

सुई कशी, कुठे, किती

इन्सुलिन हे प्रथिन आहे. गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल, म्हणून टोचावं लागतं. निरोगी स्वादुपिंड दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन पाझरत ठेवतं आणि जेवणानंतर भरभरून सोडतं. उपचारात याचीच नक्कल करायची असते. ग्लार्जिनसारखं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन पायाभूत गरज भागवतं, जेवणाच्या वेळचं झटपट इन्सुलिन घासांचा हिशेब सांभाळतं. जुनं साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. ३०/७० सारखी मिश्रणं आपल्याकडे फार वापरली जातात. स्वस्त आणि सोपी असली तरी ती जेवणाच्या वेळा काटेकोर पाळायला लावतात.

आपल्याकडची एक गफलत जिवावर बेतू शकते. बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज अशी जोडी जमली तर २० च्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात ८ युनिटच जातात. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ५० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग ताडून पाहण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला हवी.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण फ्रीझरमध्ये नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. वापरात असलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं उपयोगी पडतं. दुधट इन्सुलिन टोचण्याआधी बाटली तळव्यांमध्ये हलकेच फिरवायची. रोज त्याच जागी टोचलं की तिथे चरबीच्या गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून पोट आणि मांड्यांवर जागा बदलत राहायचं.

इन्सुलिनचा खरा धोका साखर फार उतरण्याचा. हात थरथरणं, दरदरून घाम, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही चिन्हं दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, की तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. पोळी किंवा चॉकलेटने साखर पुरेशी लवकर चढत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि प्रकार १ च्या मुलाने ताप आला, जेवण गेलं नाही, म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही. मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची. आजारपणातच साखर वाढवणारे सगळे जागे झालेले असतात.

भीतीचा हिशेब

‘इन्सुलिन सुरू केलं आणि वर्षभरात किडनी गेली.’ हे वाक्य खोटं बोलून सांगितलेलं नसतं. सांगणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. क्रम मात्र उलटा लावलेला असतो. गोळ्या पुरत नसतानाही दहा-दहा वर्षं सुई टाळलेली असते, त्या काळात साखरेने मूत्रपिंड पोखरलेलं असतं आणि इन्सुलिन अगदी अखेरीस येतं. आग लागल्यावर आलेल्या बंबाला आगीचं कारण ठरवावं, तसं हे आहे.

पुरावा स्पष्ट आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ प्रकार १ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साखर काटेकोर राखणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंड आणि नसांनाही संरक्षण मिळालं. १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात प्रकार २ च्या रुग्णांमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अमेरिकी चाचणीत साखर फार उतरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिप्पट वाढले, हेही सांगायला हवं. इन्सुलिनने वजनही वाढतं. म्हणून एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या आजींचं लक्ष्य तरुणाइतकं कडक ठेवू नये.

‘एकदा लागलं की सुटत नाही’ हेही प्रकार २ च्या सर्वांना लागू नाही. शस्त्रक्रिया, संसर्ग किंवा गरोदरपण यांच्यासाठी सुरू केलेलं इन्सुलिन अनेकदा थांबतं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत, सहा वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या आणि इन्सुलिन सुरू नसलेल्या लठ्ठ रुग्णांपैकी ४६ टक्के जण कडक आहारातून वजन उतरवून वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आले. मेटफॉर्मिन यकृताला आवरतं, नवी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात किंवा आतड्याच्या संप्रेरकाची नक्कल करून भूक आणि वजन कमी करतात. हृदय आणि मूत्रपिंड यांनाही त्यांतली काही औषधं जपतात. प्रकार २ मध्ये ती इन्सुलिनवरचा भार हलका करतात. प्रकार १ मध्ये त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

राहिलेलं काम

म्हणून या साऱ्या आढाव्याचं वजन शेवटी प्रकार १ च्या मुलांवर येऊन पडतं. इन्सुलिन आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि २०२२ मध्ये त्यात ग्लार्जिनची भर पडली. पण साखर तपासायच्या पट्ट्यांचा खर्च महिनोन्‌महिने चालू राहतो. वर्गात डबा खाण्याआधी टोचायला आडोसा मिळत नाही. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने आजार लपवला जातो आणि लपवण्यापायी दुपारचं इन्सुलिन चुकतं. खूप तहान, वारंवार लघवी, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागणं, झपाट्याने उतरणारं वजन ही लक्षणं शिक्षक आणि आशाताईंना ठाऊक हवीत. बोटाच्या एका थेंबाने निदान होतं. ते चुकलं तर मूल कीटोनच्या आम्लात दगावतं.

ज्या शरीराकडे साखर उतरवणारं एकच संप्रेरक होतं आणि तेही संपलं, त्याला ते बाहेरून देणं ही शिक्षा नाही आणि हारही नाही. चष्मा लावल्याबद्दल आपण कुणाला हिणवत नाही. जेवणाआधी सदऱ्याचं टोक वर करून पोटावर सुई टोचणारं पोर घरात, शाळेत, लग्नाच्या पंगतीत दिसलं, तर त्याच्याकडे कीव करत पाहू नये. त्याचं टोचून होईपर्यंत थांबावं आणि मग त्याच्या पानात वाढावं.